किल्ल्याच्या दारातली झटापट : फाशांचे गणित आणि लढाईचा खरेपणा

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ नव्याने खेळू लागलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत एक शंका हमखास काढतो. त्याच्या पात्राला चार वार बसलेले असतात, कागदावर मांडलेल्या जिवाच्या ४० गुणांपैकी ३७ गेलेले असतात, आणि तरीही ते पात्र पहिल्या क्षणाइतक्याच जोमाने तलवार फिरवत असते. मग तो फासा खाली ठेवून म्हणतो, "पण खऱ्यात असं कुठे होतं?" जुळे सोलापुरातल्या आमच्या रविवारच्या टेबलावर ही शंका इतक्यांदा निघाली की शेवटी आम्ही तयार नियम काही महिने बाजूला ठेवले आणि लढाईचे नियम स्वतः बांधून पाहिले. त्या खटाटोपातून जे हाती लागले ते नवख्या खेळाडूला पायरीपायरीने करून पाहता येईल अशा रीतीने येथे मांडले आहे. त्यासाठी तीन-चार मित्र, सहा बाजूंचे तीन फासे आणि एक वही एवढे पुरते.

खेळ ज्यांना अगदीच अनोळखी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन ते पात्र काय करते हे बोलून सांगतात, आणि जिथे निकाल कोणाच्याच हातात नसतो तिथे फासा टाकला जातो. या प्रकारचा पहिला छापील खेळ म्हणजे १९७४ साली अमेरिकेत निघालेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तो छोट्या सैनिकमूर्ती मांडून खेळायच्या युद्धखेळांतून उगवला असल्यामुळे लढाईच्या नियमांचे वजन या छंदात सुरुवातीपासूनच जास्त राहिले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या निवडी कशामुळे केल्या ते कळेल. लढाई खरी वाटते की नाही, हे तक्त्यांच्या जाडीवरून ठरत नाही. वार करण्यापूर्वी खेळाडू क्षणभर थबकतो का, यावरून ते ओळखावे.

पहिली पायरी : नियमांच्या आधी प्रसंग

नियम लिहायला घेण्यापूर्वी एकच झटापट ठरवून घ्यावी आणि पुढचा प्रत्येक नियम तिच्यावरच घासून पाहावा. सोलापूरकराला त्यासाठी फार कल्पना ताणावी लागत नाही. सिद्धेश्वर तलावाला लागून असलेल्या भुईकोट किल्ल्यात सकाळी एक फेरी मारली, दुहेरी तटबंदी आणि खंदक नजरेखालून घातला, की अरुंद वाटेत दोन माणसांना शेजारी शेजारी उभे राहून तलवार चालवणे किती अवघड जाईल याचा अंदाज आपोआप येतो. फूटपट्टीने नकाशा काढत बसण्यापेक्षा ही फेरी जास्त शिकवते.

आमचा प्रसंग असा होता. रात्रीची वेळ, दारात दोन पहारेकरी, एकाच्या हातात भाला आणि दुसऱ्याकडे ढाल-तलवार. समोरून तीन जण येतात, त्यांच्यातल्या एकाकडे दांडपट्टा आहे आणि एकाच्या कमरेला फक्त कट्यार. तिघांना एक पत्र आत पोहोचवायचे आहे, तर पहारेकऱ्यांना मदत येईपर्यंत दार अडवून धरायचे आहे. प्रत्येक बाजूला काय हवे आहे ते वहीत एका ओळीत लिहून ठेवावे, कारण समोरच्याला ठार मारणे हे येथे कोणाचेच ध्येय नाही, आणि ही गोष्ट पुढे हिंमतीच्या नियमात फार कामाला येते.

दुसरी पायरी : फासा केव्हा टाकायचा

निकाल खरोखर अनिश्चित असेल आणि फसल्यास काहीतरी बिघडणार असेल, तरच फासा टाकावा. झोपलेल्या पहारेकऱ्याच्या गळ्याला कट्यार लावण्यासाठी फासा मागणारा सूत्रधार खेळ लांबवतो आणि वर हास्यास्पदही करतो.

तिसरी पायरी : फासा निवडणे

इथे मात्र घाई करू नये, कारण फाशाची निवड म्हणजे आपल्या जगात नशिबाला किती वाव द्यायचा याची निवड असते.

वीस बाजूंचा एक फासा, ज्याला खेळाडू 'डी-२०' म्हणतात, प्रत्येक आकडा सारख्याच शक्यतेने देतो. १ पडण्याची शक्यता ५ टक्के, २० पडण्याचीही ५ टक्के आणि मधल्या १०चीही तेवढीच. सहा बाजूंचे तीन फासे एकत्र टाकून बेरीज केली तर चित्र पालटते. एकूण २१६ जुळण्यांपैकी २७ जुळण्यांत १० येतात आणि २७ जुळण्यांत ११, पण ३ किंवा १८ यायला प्रत्येकी एकच जुळणी असते. म्हणजे मधले आकडे वारंवार आणि टोकाचे क्वचित. ज्यांनी घरी पटावर कवड्या किंवा फोडलेले चिंचोके टाकले आहेत त्यांना हे कोणी समजावायला नको. सहा कवड्यांपैकी सहाच्या सहा उताण्या पडल्या की घरभर ओरडा होतो, आणि दोन, तीन, चार पडले की कोणी मान वर करून बघतही नाही. कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली तर ६४ पैकी ५० वेळा हे मधलेच दान पडते. (खरी कवडी इतकी निःपक्षपाती नसते, पण तो वाद पट मांडून बसलेल्या वडीलधाऱ्यांकडे सोपवावा.)

आता याचा लढाईशी संबंध पाहू. समजा वीस बाजूंच्या फाशावर १ पडला की हातातले हत्यार निसटते असा नियम केला. नवखी मंडळी तो मोठ्या हौसेने करतात. निष्णात योद्ध्याला एका फेरीत, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत, चार वार करता येत असतील, तर त्या फेरीत किमान एकदा १ पडण्याची शक्यता सुमारे १८.५ टक्के होते, आणि सहा सेकंदांची फेरी धरली तर मिनिटाला ४० वारांत सरासरी दोनदा त्याची तलवार जमिनीवर पडते. एकच वार करणाऱ्या शिकाऊ पोराची मात्र दोन मिनिटांत एकदाच निसटते. जितका उस्ताद मोठा तितका तो धांदरट, असा उफराटा न्याय या एका निरागस नियमातून निघतो.

म्हणून नवख्यांनी तीन फाशांच्या बेरजेपासून सुरुवात करावी, असे मी सुचवतो. पात्राला ८ ते १४ यांपैकी एक कौशल्याचा आकडा द्यावा. तीन फाशांची बेरीज त्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली की काम साधले. कौशल्य ८ असेल तर यश सुमारे २६ टक्के, १० ला बरोबर ५०, १२ ला ७४ आणि १४ ला जवळजवळ ९१ टक्के. अडचणीचे दोन गुण वजा झाले तर १२ चा माणूस ७४ वरून ५० वर कोसळतो, पण १४ चा माणूस ९१ वरून ७४ वरच थांबतो. म्हणजे अंधार आणि निसरडी वाट सगळ्यांनाच नडते, मात्र मुरलेल्याला कमी नडते. वीस बाजूंच्या फाशावर हेच दोन गुण दोघांचेही सारखेच, १० टक्क्यांनी, नुकसान करतात.

वीस बाजूंचा फासा वाईट आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्याचे गणित तोंडी होते, आणि अचाट पराक्रमाच्या कथांना त्याची लहर शोभतेही. ज्यांना तोच वापरून पाहायचा आहे आणि फासा हाताशी नाही त्यांनी पुठ्ठ्याच्या १ ते २० अंकांच्या चिठ्ठ्या करून डब्यातून काढाव्यात, पण काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाकावी. ती बाहेरच ठेवली तर उरलेल्या चिठ्ठ्यांच्या शक्यता बदलत जातात आणि हिशेबी खेळाडू त्याचा फायदा उठवतो.

चौथी पायरी : वार, बचाव आणि हूल

वार लागला की नाही हे ठरवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत हल्ला करणाराच फासा टाकतो आणि समोरच्याची चपळाई, ढाल व चिलखत हे सगळे मिळून एकच आकडा त्याच्यापुढे उभा असतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये असेच चालते. ही रीत वेगवान आहे, परंतु चिलखत घातलेला माणूस वार 'चुकवतो' हे तिचे गृहीतक नवख्याच्या पचनी पडत नाही, कारण चिलखत वार चुकवत नसते, ते वार सोसते. १९७८ साली आलेल्या 'रनक्वेस्ट' या खेळाने ही गाठ सोडवली. हल्ल्याचा फासा वेगळा, बचावाचा वेगळा, आणि चिलखत बसलेल्या घावातून काही गुण वजा करणार. त्याच्या कर्त्यांपैकी स्टीव्ह पेरिन स्वतः मध्ययुगीन शस्त्रांचा हौशी सराव करणाऱ्या मंडळींतले होते, आणि नियम वाचताना ते जाणवते.

आपल्या झटापटीसाठी ही दुसरी रीत घ्यावी. हल्ला यशस्वी झाला की समोरचा आपल्या कौशल्याने बचावाचा फासा टाकतो. तो साधला तर वार वाया. मात्र यात एक खड्डा आहे आणि तो माहीत असलेला बरा. १२ कौशल्याच्या माणसाने १० कौशल्याच्या माणसावर वार केला तर तो लागण्याची शक्यता ७४ च्या निम्मी, म्हणजे ३७ टक्के होते, आणि हे ठीकच आहे. पण १४ कौशल्याचे दोन उस्ताद भिडले तर प्रत्येक वार लागण्याची शक्यता जेमतेम ८.४ टक्के उरते, म्हणजे सरासरी बारा वारांमागे एक घाव. आमच्याकडे असे द्वंद्व चालू असताना बाकीच्यांची शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाऊन संपली, तरी दोघांपैकी एकालाही ओरखडा उठला नव्हता.

उपाय असा, की हल्ला करणाऱ्याला हूल देण्याची मुभा द्यावी. तो स्वतःच्या आकड्यातून काही गुण वजा करतो आणि तितकेच गुण समोरच्याच्या बचावातूनही वजा होतात. या दोन उस्तादांत दोन गुणांची हूल दिली तर घाव लागण्याची शक्यता ८.४ वरून १९ टक्क्यांवर जाते, चार गुणांची दिली तर २५ टक्क्यांवर, आणि सहा गुणांची दिली तर ती परत १९ वर उतरते, कारण एवढी अवघड फसवणूक साधणेच कठीण होते. हूल फसली तर समोरच्याच्या पुढच्या वारापुरते स्वतःच्या बचावातून दोन गुण वजा करावेत. या एका नियमाने आमच्या टेबलावर जेवढा विचार सुरू झाला तेवढा इतर सगळ्या तक्त्यांनी मिळून झाला नव्हता. १९८६ पासून चालत आलेल्या 'गर्प्स' या खेळामध्येही फसव्या वाराचा असाच सौदा आहे, फक्त तिथे स्वतःचे दोन गुण मोजून समोरच्याचा एकच गुण घटवता येतो.

हत्यार आणि जागा यांचा मेळ घालताना लांबलचक यादी करू नये. प्रत्येक हत्याराला एक सोय आणि एक गैरसोय द्यावी. भालेवाल्यावर चालून जाणाऱ्याला त्याचा पहिला वार आधी झेलावा लागतो, पण एकदा माणूस आत घुसला की भालेवाल्याचे दोन गुण वजा. दांडपट्ट्याचे पाते लांब असते आणि हात लोखंडी आवरणात असल्यामुळे मनगट वळत नाही, त्यामुळे मोकळ्या जागेत तो चौफेर फिरतो, पण अरुंद दारात त्याचे दोन गुण कापावेत. कट्यारीचे याच्या अगदी उलट. किल्ल्याच्या दारात आमचा पट्टेवाला तिघांत सर्वांत निष्णात असूनही मागे राहिला आणि कट्यारवाला पुढे सरकला, तेव्हा हा नियम जमला असे मी मानले.

पाचवी पायरी : घाव आणि त्याची किंमत

सुरुवातीला ज्या ४० गुणांची गोष्ट सांगितली त्यांना 'हिट पॉइंट' म्हणतात. हे गुण म्हणजे केवळ रक्त-मांस नव्हे, त्यांत कसब आणि नशीबही धरलेले आहे, असा खुलासा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे एक कर्ते गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ सालीच केला होता. तो मान्य केला तर ३७ गुण जाऊनही माणूस उभा राहतो यात काही विपरीत उरत नाही. त्याचा दम आणि नशीब संपत आले आहे, खरा घाव अजून बसायचाच आहे. पण टेबलावर प्रत्येक फटक्याला सूत्रधार "तलवार पोटात घुसली" असे वर्णन करत असेल तर दोष नियमाचा नसून वर्णनाचा आहे.

ज्यांना घाव हा घावच हवा आहे त्यांना १९७७ च्या 'ट्रॅव्हलर' या खेळाची युक्ती आवडेल. त्यात मार थेट शक्ती, चपळाई आणि सहनशक्ती यांच्या आकड्यांतून वजा होतो, त्यामुळे जखमी माणूस कमजोरही होतो. आपण त्याहून सोपे करू. वार लागला की एक फासा टाकावा, तलवार, भाला किंवा पट्टा असेल तर एक मिळवावा, चिलखत असेल तर दोन वजा करावेत. शून्य किंवा कमी आले तर काही नाही, १-२ ला ओरखडा, ३ ते ५ ला जखम, ६ किंवा अधिक आले तर माणूस कोसळला. दोन ओरखड्यांची एक जखम, आणि तिसऱ्या जखमेला माणूस खाली. प्रत्येक जखमेमागे सर्व आकड्यांतून दोन गुण वजा. चिलखत नसेल तर तलवारीच्या एकाच घावाने कोसळण्याची शक्यता तीनात एक आहे. चिलखत असेल तर एका घावात कोसळणे शक्यच नाही. चिलखताला लोक घरदार विकून पैसे का मोजत असतील हे वेगळे सांगावे लागत नाही.

याचा परिणाम काय होतो तेही पाहावे. १२ कौशल्याच्या माणसाला एक जखम झाली की त्याचे यश ५० टक्क्यांवर येते, दुसरी झाली की २६ वर. पहिला घाव ज्याचा, डाव बहुधा त्याचाच. प्रत्यक्षात असेच घडत असावे असे वाटते, पण हरत चाललेल्या खेळाडूला पुढची वीस मिनिटे निमूटपणे हरत बसायला लावणे हा जुलूम आहे. त्यासाठी पुढची पायरी.

सहावी पायरी : हिंमत

खरेपणाच्या नावाखाली हाडे कुठे मोडली याचे तक्ते करणारी मंडळी बहुधा हे विसरतात की माणसे मरेपर्यंत क्वचितच लढतात. ती पळतात, हत्यार टाकतात किंवा मागे सरून ओरडतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९८१ च्या सोप्या आवृत्तीत यासाठी सुरेख नियम होता. शत्रूला २ ते १२ यांपैकी एक हिंमतीचा आकडा असतो. त्याच्या बाजूचा पहिला माणूस पडल्यावर आणि निम्मे गारद झाल्यावर दोन फासे टाकायचे, आणि बेरीज त्या आकड्याहून जास्त आली तर तो लढत नाही. पहारेकऱ्यांना हिंमत ७ दिली तर दर वेळी पाय काढण्याची शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे सुमारे ४२ टक्के.

खेळाडूंच्या पात्रांना हा फासा लावू नये, कारण त्यांचे भय त्यांनी स्वतः ठरवायचे असते. त्यांना फक्त दारे उघडी ठेवावीत. शरण गेले तर जीव वाचतो, मागे सरले तर पाठीवर एकच वार होतो, पत्र टाकून दिले तर वाट मोकळी होते, हे सूत्रधाराने झटापट सुरू होण्यापूर्वी स्पष्ट सांगावे. सांगितले नाही तर नवखा खेळाडू शेवटपर्यंत लढणे हाच नियम समजतो.

सातवी पायरी : एका फेरीचा काळ

१९७० च्या दशकाअखेरच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये फेरी एका मिनिटाची होती, २०१४ च्या आवृत्तीत ती सहा सेकंदांची आहे, आणि 'गर्प्स'मध्ये एका सेकंदाची. फेरी मिनिटाची असेल तर एक फासा म्हणजे एक वार नव्हे, साऱ्या चकमकीचा निचोड. फेरी सेकंदाची असेल तर प्रत्येक पाऊल मोजावे लागते. कुस्तीच्या फडात बराच वेळ नुसती खडाखडी चालते आणि मग डाव पापणी लवते न लवते तोच लागतो. दोन्हींचे काळ एकाच मापाने मोजले तर कंटाळा येतो. आम्ही फेरीची लांबी लिहूनच ठेवत नाही. कोणी "एवढ्यात मी किती धावेन?" असे विचारले, तर दारापासून खंदकापर्यंत, एवढेच उत्तर देतो.

आठवी पायरी : एकट्याने दहा वेळा

नियम लिहून झाले की मित्रांना बोलावण्यापूर्वी तीच झटापट एकट्याने दहा वेळा खेळावी आणि प्रत्येक वेळी वहीत तीनच गोष्टी नोंदवाव्यात: किती फेऱ्या लागल्या, कोण पळाले, आणि कोणता फासा टाकूनही परिस्थितीत काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या नोंदीत जो नियम वारंवार दिसेल तो खोडून टाकावा, मग तो लिहायला कितीही कष्ट पडलेले असोत.

हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या खेपेला मी घाव कुठे लागला, हाड मोडले की नाही, रक्त किती गेले, यांचे चार पानी तक्ते केले होते. दारातली ती झटापट चार फेऱ्यांची झाली आणि तिला सव्वातीन तास लागले. मध्ये वीज गेली, मे महिन्याच्या दुपारी पंखा बंद, आणि पट्टेवाला खेळाडू खाली जाऊन चहा पिऊन आला तरी त्याची पाळी आली नव्हती. हा तिढा नवा नाही. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सैन्यात १८२४ पासून फासे आणि तक्ते वापरून युद्धाचा खेळ अधिकाऱ्यांना शिकवला जात असे. तक्त्यांचे ओझे इतके झाले की १८७६ साली फॉन व्हर्डी या सेनाधिकाऱ्याने ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवण्याची रीत मांडली. माझ्या चार पानांपैकी आता एकच ओळ उरली आहे, ती पाचव्या पायरीत दिली आहे.

प्रत्यक्ष बैठकीत कोणी मध्येच "खऱ्यात असं होत नाही" म्हणाले, तर वाद तिथे घालू नये. सूत्रधाराने एका मिनिटात जो बरा वाटेल तो निर्णय द्यावा, शंका वहीच्या मागच्या पानावर लिहावी आणि पाळी पुढे सरकवावी. बैठक संपल्यावर, फासे डब्यात जाण्यापूर्वी, ते पान सगळ्यांसमोर वाचावे. ज्याने शंका काढली त्यालाच पुढच्या रविवारपर्यंत नियम सुचवायला सांगावे, अट एवढीच की तो एका ओळीत बसला पाहिजे.